घडीव चाक आणि ओतीव चाक

गेल्या ऊस हंगामातली गोष्ट. आम्ही नेकनूरहून बीडकडे निघालो होतो. मांजरसुंब्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक जुनी मोटार तिरकी होऊन उभी दिसली. पंक्चर झाले असेल म्हणून उतरून पाहिले, तर पुढचे डावे चाकच तुटलेले होते. चकाकणाऱ्या पाच पात्यांपैकी दोन पाती मुळापासून उखडली होती आणि कडेचा एक तुकडा खड्ड्याजवळ पडला होता. गाडीत एक बाळंतीण, तिची आई आणि गाडी चालवणारा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. कुणाला खरचटलेही नव्हते. गाडी हळू होती म्हणून तिघे, आणि पदराखालचे लेकरू धरले तर चौघे, वाचले.

मुलगा आपल्याच वस्तीतला निघाला. आईवडील ऊसतोडीला गेलेले. त्याने जुनी मोटार घेऊन भाड्याने चालवायला सुरुवात केली होती. "जय भीम" म्हणाला आणि तुटलेला तुकडा आमच्या हातात देत म्हणाला, "दादा, दिवाळीतच टाकले होते चारही. फोर्ज्ड हायेत, रेसच्या गाडीला असत्यात तसले, म्हणून सांगितलं दुकानदारानं. अठरा हजार दिले. बापानं उचल घेतली व्हती, त्यातले."

उचल म्हणजे काय हे बीड जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायला नको. मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, जे नवरा-बायकोने थंडीत, पहाटे, कोयत्याने ऊस तोडून फेडायचे. त्या पैशांतले अठरा हजार रुपये झळाळीसाठी गेले आणि ती झळाळी एका खड्ड्यात फुटली.

तो तुकडा आम्ही पिशवीत टाकला. आठ दिवसांनी नेकनूरच्या बाजारात एका म्हाताऱ्या लोहारापुढे ठेवला. हे कुटुंब घिसाडी समाजातले. बाजाराच्या कडेला भाता लावून कोयते, विळे, कुऱ्हाडी शेवटून देते. बाबांनी तुकडा फिरवला, तुटलेली कड उजेडात धरली, नखाने खरवडली आणि म्हणाले, "हे वतलेलं हाय, ठोकलेलं न्हाय. बगा, आतून रव्यावानी. बारीक बारीक भोकं हायेत."

त्यांनी कधी रेसची मोटार पाहिली नसेल, पण दुकानदाराचे खोटे त्यांनी एका नजरेत पकडले. ठोकलेले आणि ओतलेले यांत काय फरक असतो, जगातल्या वेगवान मोटारींना ठोकलेलेच चाक का लागते, आणि आपल्या मुलांनी त्यातून काय घ्यावे, हे समजून घ्यायचे आम्ही त्याच दिवशी ठरवले.

धाव कशी चढते

सुरुवात आपल्याच गावापासून करू. ज्यांचे वय आज साठीच्या पुढे आहे त्यांनी लाकडी बैलगाडीचे चाक पाहिले आहे. मधे तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांवर बाभळीच्या लाकडाचे वाकदार तुकडे, आणि त्या सगळ्याला बाहेरून आवळणारी लोखंडी पट्टी, म्हणजे धाव. लाकूडकाम सुताराचे, धाव लोहाराची.

धाव चढवणे हा गावातला एक सोहळाच असे. बाबांनी तो आम्हाला हातवारे करून सांगितला. पट्टी वाकवून तिचे कडे करायचे, टोके तापवून ठोकून एकजीव करायची. हे कडे चाकापेक्षा मुद्दाम थोडे लहान ठेवतात. मग गोवऱ्यांचा गोल रचून त्यात कडे लाल होईपर्यंत तापवायचे. तापले की ते फुगते. चार फूट व्यासाच्या कड्याचा घेर साधारण साडेबारा फूट. सहाशे अंश तापल्यावर हा घेर एक इंचाने किंवा थोडा जास्तच वाढतो. तेवढाच इंच लोहाराचा. चौघे जण सांडशीने कडे उचलतात, जमिनीवर आडव्या ठेवलेल्या चाकावर बसवतात, घणाने ठोकतात आणि लगेच पाणी ओततात. लाकडाचा धूर निघतो, कडे आक्रसते आणि आरे, तुंबा, पाट्या करकरून एकमेकांत बसतात. त्यानंतर त्या चाकाला एक खिळा लागत नाही.

कडे जास्त लहान झाले तर लाकूड तडकते, मोठे झाले तर उन्हाळ्यात धाव गळून पडते. मोजायला फूटपट्टी नव्हती. लोखंडाचा रंग पाहून लोहार ठरवी, आता उचला.

बाबा सांडशीने लोखंड धरत आणि मावशी घण घालत. बोलता बोलता मावशी म्हणाल्या, "घण माझाच. ह्यांचा नुसता हातोडा." घिसाड्यांच्या पालावर हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला ठाऊक आहे की नवऱ्याचा लहान हातोडा जिथे टिचकी मारतो तिथेच बायकोचा घण पडतो. एक बोटभर इकडे नाही, तिकडे नाही. या बाईला आपण कारागीर म्हणतो का? नाव लोहाराचे होते आणि बळ तिचे खर्ची पडते.

साखर कारखान्यांच्या टायरगाड्या आल्या, ट्रॅक्टर आले आणि धावेची चाके मागे पडली. पण लोखंड तापवायचे, ठोकायचे आणि त्याला पाणी द्यायचे हे शास्त्र मागे पडले नाही. ते कारखान्यात गेले.

धिरडे आणि भाकरी

ओतीव आणि घडीव यांतला फरक आमच्या भगिनींना चुलीपाशी चटकन समजेल. धिरड्याचे पीठ पातळ असते, ते तव्यावर ओततात. ते आपोआप पसरते आणि त्यात बुडबुड्यांची जाळी पडते. भाकरीचे पीठ तळहाताने मळतात, रगडतात, थापतात. नीट मळलेली भाकरी हातावर उचलली तरी तुटत नाही.

मोटारीचे बहुतेक चकाकते चाक अल्युमिनियमचे असते. आपण घरात ज्याला जर्मनचे पातेले म्हणतो तोच हा धातू, फक्त त्यात सिलिकॉन, मॅग्नेशियम असे दुसरे पदार्थ थोडे मिसळलेले असतात. ओतीव चाक करताना हा धातू वितळवून साच्यात सोडतात. तो गार होताना आकसतो आणि त्यात हवा किंवा वायू अडकला तर बारीक पोकळ्या राहतात. धातूचे कणही जसे जमतील तसे जमतात. बाबांना दिसलेली भोके ती हीच.

घडीव चाकात धातू वितळवतच नाहीत. भरीव गोल ठोकळा कापून घेतात, साधारण साडेचारशे अंशांपर्यंत तापवतात आणि पोलादी साच्यांच्या मधे ठेवून प्रचंड दाबयंत्राने दाबतात. मोठी यंत्रे आठ-आठ, दहा-दहा हजार टनांची असतात. आठ हजार टन म्हणजे किती? एका ट्रकमध्ये सोळा टन ऊस धरला तर पाचशे ट्रकांतल्या सगळ्या उसाचे जेवढे वजन होईल तेवढे. त्या दाबाखाली ठोकळा पिठाच्या गोळ्यासारखा पसरतो. आतल्या पोकळ्या दबून बुजतात आणि धातूचे कण चाकाच्या आकाराबरोबर वाहत जाऊन ओळीने बसतात. लाकडाचे रेषे जसे फांदीच्या दिशेने जातात, तसे. सुतारही आरा करताना रेष्याच्या दिशेनेच लाकूड घेतो. आडव्या रेष्याचा आरा पहिल्याच दगडावर मोडतो.

दाबल्यावर चाक तयार होत नाही. त्याला पाणी द्यावे लागते. घडीव चाकासाठी पुष्कळदा वापरला जाणारा मिश्रधातू सुमारे ५३० अंशांवर तापवून एकदम पाण्यात बुडवतात. इथे अल्युमिनियमची एक गंमत आहे. पोलादी कोयता पाण्यात बुडवला की त्याच क्षणी कडक होतो. अल्युमिनियम बुडवल्यावर मऊच राहते. मग ते १७०-१८० अंशांच्या भट्टीत काही तास ठेवले की हळूहळू कडक होते. शेवटी संगणकावर चालणारे कातयंत्र नको तेवढा धातू कोरून काढते. घडीव चाकाचे सुंदर, सडपातळ आरे असे कोरून निघतात.

आणखी एक फरक आम्ही बाबांना सांगितला तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. लोखंड तापले की लाल होते, पिवळे होते. रंगावरून कारागीर ताव ओळखतो. अल्युमिनियम लाल होत नाही. जसे असते तसेच दिसते आणि जास्त तापवले तर एकाएकी ढासळते. म्हणून तिथे डोळा चालत नाही, ताप मोजणारे यंत्र लागते. बाबा म्हणाले, "मंग त्याला आंधळ्या लोहाराचं काम म्हना."

पायात जड बूट की वहाण

एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर आहे हलकेपणा. घडीव धातू मजबूत असतो म्हणून कमी धातूत काम भागते.

पण दीड हजार किलोच्या मोटारीत चाकाचे दोन किलो वाचले तर काय मोठे झाले, असे कुणी विचारेल. कंबरेला दोन किलोची पिशवी बांधून पळा आणि मग दोन्ही पायांत एक-एक किलोचे बूट घालून पळा. वजन तेवढेच, पण बुटांनी लवकर दमायला होते. कारण पाय प्रत्येक पावलाला उचलावा, पुढे फेकावा आणि थांबवावा लागतो. चाकाचेही तसेच. ते गाडीबरोबर पुढेही जाते आणि स्वतःभोवती फिरतेही. चाकाच्या अगदी कडेला असलेले एक किलो वजन, गाडीला वेग देताना आणि थांबवताना, जवळजवळ दोन किलोसारखे वागते. मोठे जाते फिरवायला सुरुवातीला जोर लागतो आणि फिरू लागले की पटकन थांबत नाही, हे आपल्या आयांना कुणी शिकवावे लागले नाही.

दुसरे असे की, चाक हे स्प्रिंगच्या खाली असते. रस्त्यावर उंचवटा आला की जड चाक उसळते आणि क्षणभर जमिनीची साथ सोडते. हलके चाक रस्त्याला धरून राहते. ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगात वळण घेणाऱ्या मोटारीला टायरची जमिनीवरची पकड क्षणभर सुटली तर काय होईल? म्हणून वेगाच्या मोटारींचे लोक एकेका ग्रॅमसाठी भांडतात. बारीक आऱ्यांमधून वारा आत जातो, ब्रेक थंड राहतात, हा तिसरा फायदा.

मॅगव्हील हे नाव कुठून आले

आपल्याकडे फटफटीचे असो की मोटारीचे, तारा नसलेल्या ओतीव चाकाला गॅरेजमधली मुले मॅगव्हील म्हणतात. हे नाव मॅग्नेशियमवरून आले. मॅग्नेशियम हा अल्युमिनियमहूनही हलका धातू. पूर्वी शर्यतीच्या मोटारींना त्याची चाके बसवत. आज गॅरेजमधल्या बहुतेक मॅगव्हीलमध्ये मॅग्नेशियम नावापुरतेच असते, मुख्य धातू अल्युमिनियम.

फ्रान्समध्ये १९२४ साली बुगाटी कंपनीने टाइप ३५ या शर्यतीच्या मोटारीला अल्युमिनियमची ओतीव चाके बसवली. तोवर बहुतेक मोटारी लाकडी किंवा तारांच्या आऱ्यांवर धावत होत्या. पुढे १९४८ साली अमेरिकेच्या अल्कोआ कंपनीने मालट्रकसाठी अल्युमिनियमचे घडीव चाक काढले. म्हणजे घडीव चाक आधी श्रीमंताच्या शौकासाठी नव्हे, ओझे वाहण्यासाठी आले. चाकाचे वजन कमी झाले की तेवढा माल जास्त भरता येतो, हा त्यामागचा हिशेब.

वेगाच्या मोटारीत घडीव चाकाला मान मिळाला तो जर्मनीत. पोर्शे कंपनीने १९६६ साली ९११ एस ही मोटार आणली. तिची पाच पाकळ्यांची चाके ओटो फुक्स या कारखान्याने घडवली होती. साठ वर्षे होत आली, तरी त्या चाकांचे आजही लोक कौतुक करतात. फुलासारखे दिसणारे ते चाक नुसत्या शोभेसाठी नव्हते; हलकेपणा हाच त्याचा उद्देश होता. जपानच्या रेज कंपनीने १९९६ साली टीई ३७ नावाचे सहा आऱ्यांचे घडीव चाक काढले. नावातला ३७ हा आकडा वजनाचा आहे. पंधरा इंच व्यासाचे ते चाक ३.७ किलो भरत होते. त्याच मापाचे साधे पोलादी चाक सुमारे दुप्पट भरते. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत तर घडीव मॅग्नेशियमची चाके असतात.

बीडच्या जालना रोडवर गॅरेजमध्ये काम करणारी आपली मुले मोबाईलवर ज्या चाकांची चित्रे पाहून हरखून जातात ती ही चाके. त्यांच्या हरखण्याला आम्ही हसत नाही. चांगली वस्तू पाहून डोळे चमकणे हे कारागिराचे लक्षण आहे. फक्त त्या वस्तूच्या आत काय आहे ते कळले पाहिजे.

ओतीव म्हणजे वाईट नव्हे

इथे एक गैरसमज दूर करू. ओतीव चाक वाईट असते असे मुळीच नाही. मोटार कंपनीच्या कारखान्यातून येणारी बहुतेक अल्युमिनियमची चाके ओतीवच असतात आणि ती तपासून बसवलेली असतात. तपासणी मोठी कडक. चाक वाकवण्याचा जोर लावून लाखो फेरे फिरवतात, वजनाखाली ड्रमवर पळवतात आणि तेरा अंशांत तिरके ठेवून वरून जड वजन पाडतात. तडा गेला की ते चाक नापास.

रेल्वेचेच पाहा. बीडकरांनी पिढ्यानपिढ्या रेल्वेची वाट पाहिली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड-अहिल्यानगर गाडी सुरू झाली. भारतीय रेल्वेची चाके दोन्ही तऱ्हेची आहेत. बंगळूरजवळच्या येलहंका येथील कारखान्यात १९८४ पासून पोलाद ओतून चाके करतात, तर दुर्गापूरच्या पोलाद कारखान्यात ती घडवतात. वंदे भारत गाड्यांसाठी घडीव चाके परदेशातून मागवली होती. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि ती चाके अडकून पडली. काही चाके तिथून रस्त्याने रुमानियात नेऊन विमानाने भारतात आणावी लागली. एक चाक घडवण्याची विद्या आपल्या हाती पुरेशी नसली की देशालाही कसे ताटकळावे लागते, याचा हा धडा.

तेव्हा वाईट ते ओतीव चाक नव्हे. वाईट ते न तपासलेले चाक, आणि त्याहून वाईट ते ओतीव असून घडीव म्हणून विकलेले चाक.

घेताना काय पाहावे

ज्यांच्या घरी भाड्याची मोटार आहे त्यांनी हा भाग कापून ठेवावा.

खऱ्या घडीव चाकांच्या संचाची किंमत सहसा लाखाच्या घरात जाते. अठरा हजारांत चार घडीव चाके मिळतात असे कुणी सांगितले तर तो आपल्याला काहीतरी वेगळेच देत आहे, एवढे समजावे.

चाकाच्या मागच्या बाजूला करणाऱ्याचे नाव, माप, किती वजन पेलेल तो आकडा आणि प्रमाणाची खूण असते. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोची खूण पाहावी. जपानी मालावर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए ही अक्षरे असतात. पुढून आरशासारखे आणि मागून कोरे असलेले चाक घेऊ नये. खुणाही खोट्या असू शकतात, म्हणून पक्के बिल घ्यावे आणि चाक काट्यावर तोलून कंपनीने सांगितलेल्या वजनाशी ताडून पाहावे.

मडके आपण वाजवून घेतो. पूर्वी रेल्वेतही चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकणारे कामगार असत. तडा गेलेले चाक बद्द वाजते. पण नुसत्या आवाजावरून घडीव की ओतीव हे कळत नाही आणि रंगाखालचा बारीक तडा दरवेळी सापडतोच असे नाही. मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली तर चाक काढून आतून-बाहेरून पाहावे. तडा गेलेले अल्युमिनियमचे चाक वेल्डिंग करून पुन्हा रस्त्यावर आणू नये. वेल्डिंगच्या तापाने त्याला दिलेले पाणी उतरते आणि ती जागा मऊ पडते.

चाक बसवताना नट एका ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळावेत आणि शंभरेक किलोमीटर गेल्यावर पुन्हा पाहावेत.

आणि सगळ्यात शेवटी, साधे पोलादी चाक हे गरिबाचे इमानदार चाक आहे. ते जड असते, दिसायला साधे असते, पण खड्ड्यात पडले तर सहसा वाकते, फुटत नाही. बीड जिल्ह्याच्या रस्त्यांवर भाडे मारणाऱ्याला त्याची लाज वाटण्याचे काही कारण नाही.

ऐरणीपाशी कोण उभे राहणार

आता मनातले बोलतो.

बलुतेदारीत विद्या जन्माने वाटलेली होती. भाता लोहाराच्या घरी, रंधा सुताराच्या घरी. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला वेसकरी, सांगावा पोचवणे आणि मेलेली गुरे ओढणे. धाव चढताना गाव गोळा होई, पण सांडशी कुणाच्या हातात द्यायची हे आधीच ठरलेले असे. ज्यांच्या हाती सांडशी होती त्या लोहारालाही सुगीच्या बलुत्यावरच भागवावे लागे. घिसाडी तर गावोगाव पाल ठोकत फिरला.

शहरात गेल्यावर हे सुटले असे नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथे धागा तोंडाने ओढावा लागतो या सबबीखाली आपल्या लोकांना घेत नसत. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. कसबाचे काम एकाला आणि अंगमेहनतीचे दुसऱ्याला, ही वाटणी त्यांना मान्य नव्हती. तरीही रेल्वेच्या कारखान्यांत, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आपले लोक शिरले, शिकले, यंत्रावर उभे राहिले.

१९६१ साली पुण्यात भारत फोर्ज ही कंपनी निघाली. मुंढव्याच्या तिच्या कारखान्यात ट्रकचे कणे, इंजिनाचे क्रँकशाफ्ट घडवले जाऊ लागले आणि पुढे ती जगातल्या मोठ्या घडकाम कंपन्यांत गणली गेली. त्याच १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. वाळूजला १९८५ पासून आणि चाकणला १९९९ पासून बजाजच्या गाड्या बनू लागल्या, त्यांच्याभोवती सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले. बीड जिल्ह्यातली किती मुले आज चाकणला, वाळूजला, रांजणगावला आहेत हे प्रत्येक वाचकाने आपल्या घरापासून मोजावे.

पण ती तिथे काय करतात? पुष्कळजण कंत्राटावर माल उचलतात, खोकी भरतात, चाकांना पॉलिश मारतात. सहा-सात महिने झाले की ब्रेक, पुन्हा गावी. ठोकळा कुठल्या तापावर दाबायचा, पाणी कधी द्यायचे, कातयंत्राला हुकूम कसे लिहायचे, हे ज्याला येते त्याला इतक्या सहज काढता येत नाही. आज ही विद्या कुठल्या जातीच्या घरात कोंडलेली नाही. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे अभ्यासक्रम आहेत. दहावी झालेल्या मुलाला तिथे प्रवेश आहे आणि मुलीलाही आहे. ज्या बाईने पालावर घण पेलला तिच्या नातीला कातयंत्र पेलणार नाही असे कोण म्हणेल? पुढे पदविका आहे, अभियांत्रिकी आहे, धातुशास्त्र आहे.

एक खबरदारी मात्र सांगायला हवी. घडकामाच्या खात्यात उष्णता आणि आवाज भयंकर असतो. कानात बोळे, डोळ्यांना चष्मा, पायात पोलादी टोपीचे बूट हे मालकाचे उपकार नाहीत, कामगाराचा हक्क आहेत. बाबांशी बोलताना आम्हाला प्रत्येक वाक्य दोनदा सांगावे लागले. साठ वर्षे घणाचा आवाज ऐकून त्यांचे कान गेले आहेत. कारखान्यातल्या मुलाने तेवढी किंमत देऊ नये.

तो गाडीवाला मुलगा परवा पुन्हा भेटला. मोटारीला चारही साधी पोलादी चाके, त्यांना हाताने काळा रंग दिलेला. उरलेली तीन चकाकती चाके त्याने भंगारात घातली. दुसऱ्या कुणाला विकली असती तर अर्धे पैसे तरी निघाले असते, असे गॅरेजवाल्यांनी त्याला सांगितले होते. तो म्हणाला, "दादा, दुसऱ्याच्या गाडीत बी बाळंतीण बसत असंल की."

त्याची धाकटी बहीण यंदा दहावी झाली. ती मशिनिस्टचा फॉर्म भरते आहे. वडिलांना वाटते, पोरीला लोखंडाचे काम कामून. आई म्हणते, "मी पंधरा वर्सं कोयता चालवला, तवा नाही कुणी म्हणलं लोखंडाचं काम हाय म्हणून."

तुटलेल्या चाकाचा तो तुकडा आम्ही तिला दिला आहे. शिकून झाल्यावर हा का तुटला ते नीट लिहून आणून दे, असे सांगितले आहे. तिने आणले की याच पानावर छापू.